३६ हजार धावा आणि एकही कसोटी नाही: हे करिअर वाया गेलं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "ग्लॅमॉर्गनच्या अ‍ॅलन जोन्सबद्दल वाचलं. प्रथम श्रेणीत ३६ हजारांवर धावा आणि अधिकृत कसोटी एकही नाही. मी २६ वर्षांचा डावखुरा सलामीवीर आहे, दोन मोसम रणजी संघात आत-बाहेर चाललंय. आयुष्यभर असं खेळून शेवटी हातात काहीच नसेल तर काय अर्थ? थांबावं का?"

माझ्या मुलाच्या वयाचा आहेस, म्हणून सरळ अरे-तुरे करतो. मी तीस वर्षं मुंबईत मुलांना फलंदाजी शिकवतोय. स्वतः कांगा लीगमध्ये सलामीला खेळलो, आणि नव्वदच्या दशकात दोन उन्हाळे साउथ वेल्समधल्या एका छोट्या गावच्या क्लबकडून खेळून आलो. जोन्सची कारकीर्द मला तिथे नीट कळली. तेव्हापासून सलामीला जायचं म्हणणाऱ्या प्रत्येक मुलाला मी ती सांगत आलोय, म्हणून तुझा प्रश्न वाचल्यावर राहवलं नाही.

तुझ्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत अडकलेत. जोन्सचं आयुष्य वाया गेलं का, हा एक. तुझं जाईल का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर मी ठामपणे देऊ शकतो. दुसरं तुझ्या परिस्थितीवर अवलंबून आहे, आणि तिच्याबद्दल तू फारसं लिहिलेलं नाहीस. पण जोन्सचं नीट कळलं तर स्वतःबद्दलचा प्रश्न तू वेगळ्या तऱ्हेने विचारशील असं मला वाटतं. म्हणून आधी तो.

जन्म ४ नोव्हेंबर १९३८, स्वान्सीजवळचं व्हेलिंद्रे गाव. ग्लॅमॉर्गन ही वेल्समधली कौंटी, म्हणजे आपल्या रणजी संघासारखा तिथला संघ. तिच्याकडून पहिला सामना १९५७ साली, शेवटचा १९८३ साली. ६४५ प्रथम श्रेणी सामने, १,१६८ डाव, ३६,०४९ धावा, ५६ शतकं, सरासरी ३२.८९. यातल्या ३४,०५६ धावा ग्लॅमॉर्गनच्या. त्या कौंटीसाठी एवढ्या धावा दुसऱ्या कुणाच्याच नाहीत. १९६१ ते १९८३ सलग २३ मोसम हजाराच्या वर धावा. धाकटा भाऊ आयव्हियन त्याच संघात यष्टिरक्षक, आणि दोघेही १९८३ लाच थांबले. अधिकृत कसोटी न खेळलेल्या फलंदाजांमध्ये प्रथम श्रेणीत सर्वांत जास्त धावा आजही जोन्सच्याच आहेत.

आता तुला जे खुपतंय ते. १९७० च्या उन्हाळ्यात दक्षिण आफ्रिकेचा संघ इंग्लंडला यायचा होता. वर्णद्वेषाविरुद्धच्या आंदोलनामुळे तो दौरा रद्द झाला आणि ऐनवेळी गॅरी सोबर्सच्या हाताखाली शेष विश्व संघ उभा राहिला. पाच सामने ठरले आणि कसोटी म्हणूनच ते खेळले गेले. लॉर्ड्सच्या पहिल्या सामन्यात इंग्लंडचे दोन्ही सलामीवीर नवे होते: केंटचा ब्रायन लकहर्स्ट आणि ३१ वर्षांचा जोन्स. समोर माइक प्रॉक्टर, ग्रॅहम मॅकेंझी आणि स्वतः सोबर्स.

धावफलकात जोन्ससमोर पहिल्या डावात लिहिलंय: झेल इंजिनिअर, गोलंदाज प्रॉक्टर, ५. दुसऱ्या डावात: झेल इंजिनिअर, गोलंदाज प्रॉक्टर, ०. हा इंजिनिअर म्हणजे आपला फरोख, दादर पारशी कॉलनीतला. तेव्हा तो लँकेशायरकडून कौंटी खेळायचा. व्हेलिंद्रेच्या माणसाची कसोटी कारकीर्द दादरच्या माणसाच्या ग्लव्हजमध्ये दोनदा जाऊन विसावली. मुंबईतल्या मुलांना मी हे सांगतो तेव्हा ती एकदम सरसावून बसतात. परक्या देशातल्या जुन्या माणसाची गोष्ट तेवढ्याने जवळची होते.

त्या सामन्यात सोबर्सने २१ धावांत ६ बळी घेतले, वर १८३ धावा केल्या. इंग्लंड पहिल्या डावात १२७, आणि एक डाव ८० धावांनी पराभव. जोन्सला पुढच्या सामन्यात घेतलं नाही.

पण त्याच धावफलकातल्या लकहर्स्टच्या ओळी बघ. पहिल्या डावात तो १ वर बाद, म्हणजे जोन्सपेक्षाही वाईट. दुसऱ्या डावात ६७. त्या ६७ वर त्याला नॉटिंगहॅमचा सामना मिळाला आणि तिथे त्याने नाबाद ११३ काढल्या. हिवाळ्यात ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर गेला, तिथे दोन शतकं ठोकली, आणि एकूण २१ कसोटी खेळला. सकाळी दोघे बरोबर मैदानात उतरले होते. एकाला दुसऱ्या डावात सुरुवातीलाच कड लागली, दुसरा तेवढी घटका निभावून नेऊ शकला. माझ्या अनुभवात सलामीवीरांच्या नशिबात याहून मोठा फरक क्वचितच असतो.

पुढे १९७२ मध्ये आयसीसीने त्या मालिकेचा कसोटी दर्जा काढून घेतला. इंग्लंडकडून त्यात खेळलेल्या बाकी सगळ्यांच्या नावावर इतर कसोटी सामने होते किंवा नंतर जमा झाले. जोन्सकडे होता तो एकच, तोही गेला. जून २०२० मध्ये, बरोबर पन्नास वर्षांनी, इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाने त्याला कॅप दिली, क्रमांक ६९६. तेव्हा तो ८१ वर्षांचा होता. कॅप आली, तरी कसोटी धावांचा रकाना कोराच आहे.

तू वाचलेला लेख बहुधा इथेच संपला असेल. लॉर्ड्सनंतर जोन्स आणखी १३ मोसम खेळला आणि त्यातल्या प्रत्येक मोसमात त्याने हजार ओलांडले. १९७६ ते १९७८ कौंटीचा कर्णधार होता. १९७७ साली त्याच्या संघाने जिलेट कप या एकदिवसीय स्पर्धेची अंतिम फेरी गाठली. ती मिडलसेक्सने जिंकली. १९७८ मध्ये 'विस्डेन' या क्रिकेटच्या वार्षिक ग्रंथाने वर्षाच्या पाच खेळाडूंत त्याला घेतलं, तेव्हा तो चाळिशीच्या उंबरठ्यावर होता. आणि कारकिर्दीतली सर्वोच्च धावसंख्या, हॅम्पशायरविरुद्ध बेसिंगस्टोकला नाबाद २०४, ही १९८० ची. वय ४१! कसोटीचं दार बंद झाल्यावर दहा वर्षांनी माणूस आयुष्यातली सर्वांत मोठी खेळी करतो, ती कुणासाठी? निवड समिती त्या वयात बघायला येत नाही. मला त्याचं एकच उत्तर सापडतं: त्याचं काम संपलेलं नव्हतं.

आता सरासरीबद्दल. ३२.८९ बघून तुझ्या मनात आलंच असेल की एवढं काय त्यात. आपल्याकडे रणजीत चाळीसची सरासरी असलेल्या मुलालाही कुणी विचारत नाही. इथे बरेच जण चुकतात, म्हणून जरा थांबून सांगतो.

इंग्लंडमध्ये १९८० पर्यंत कौंटी सामन्याची खेळपट्टी आजच्यासारखी पूर्ण झाकत नसत. पाऊस आला की ती भिजायची, मग ऊन पडलं की वरून सुकायची आणि खालून ओली राहायची. पूर्ण झाकण्याची पद्धत १९८१ पासून आली. जोन्सच्या हजारी २३ मोसमांपैकी २० त्याआधीचे आहेत.

भिजलेल्या खेळपट्टीवर खेळणं म्हणजे काय हे मुंबईतल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही, कारण आपल्याकडे १९४८ पासून भर पावसाळ्यात कांगा लीग आहे. आझाद मैदानावरचा माझा एक रविवार अजून डोळ्यासमोर आहे. रात्रभर पाऊस, सकाळी उघडीप. माळ्याने गोलंदाजांच्या पायांखाली लाकडाचा भुसा टाकलेला. पहिल्या षटकातला तिसरा चेंडू टप्पा पडून थांबल्यासारखा झाला आणि माझी बॅट त्याच्या आधीच फिरून गेली. चौथा त्याच टप्प्यावरून छातीपर्यंत उसळला. मी पुढे जाऊन बघितलं तर चेंडू पडला होता तिथे आठ आण्याच्या नाण्याएवढा खळगा, आणि कडेला ओल्या मातीचा उंचवटा. पुढचा चेंडू त्या उंचवट्यावर पडला तर काय होईल हे गोलंदाजालाही ठाऊक नव्हतं. त्या दिवशी मी १४ धावा केल्या, दीड तास उभा राहून. आमच्या कर्णधाराने त्या १४ धावांबद्दल माझ्या पाठीवर जी थाप मारली, तशी नंतर शतकाबद्दलही मिळाली नाही. जोन्स वीस मोसम असल्या खेळपट्ट्यांना सामोरा गेला, आणि बहुतेक वेळा नव्या चेंडूसमोर. म्हणून त्याचे ३३ आणि आजच्या सपाट खेळपट्टीवरचे ४५ शेजारी ठेवून मोजू नयेत.

दुसरी गोष्ट कामाच्या प्रमाणाची. १९६९ मध्ये संडे लीग सुरू झाल्यावर कौंटी व्यावसायिकाचा आठवडा कसा जायचा बघ. शनिवारी तीन दिवसांचा सामना सुरू. रविवारी तो थांबवून ४० षटकांचा सामना, कधी कधी दुसऱ्याच गावी. सोमवारी परत येऊन शनिवारचा अर्धा डाव पुढे चालू, मंगळवारी तो संपला की गाडीत किट टाकायचं आणि रात्री पुढच्या गावी. बुधवारी सकाळी नवा सामना, नवा चेंडू, नवे गोलंदाज. एप्रिलच्या शेवटी सुरू झालेलं हे सप्टेंबरपर्यंत. ६४५ सामने म्हणजे मोसमाला सरासरी २४ तरी, आणि यात एकदिवसीय सामने धरलेलेच नाहीत. आपला रणजी खेळाडू चांगल्या मोसमात आठ-दहा खेळतो. मुंबईचा फलंदाज अमोल मुजुमदार वीस वर्षं खेळून १७१ प्रथम श्रेणी सामन्यांपर्यंत पोहोचला, तोही दर्जाच्या बाबतीत कुणाला न हरणारा माणूस. त्यामुळे दोन देशांतले आकडे सरळ ताडून बघू नकोस. जोन्सच्या आकड्यांत मला शरीर दिसतं: बोटं, गुडघे, कंबर, आणि रोज सकाळी पुन्हा पहिला चेंडू खेळायची तयारी.

स्वान्सीच्या सेंट हेलेन्स मैदानावर मी एका संध्याकाळी नुसता बघायला गेलो होतो. समोर समुद्राची खाडी. भरती आली की चेंडू जास्त हलतो, असं तिथली माणसं खात्रीने सांगतात. पॅव्हिलियन उंचावर होतं आणि ड्रेसिंगरूममधून मैदानात यायला साठाहून जास्त पायऱ्या उतराव्या लागत. बाद झाल्यावर तेवढ्याच चढायच्या, सगळ्यांच्या देखत. मी वर उभा राहून विचार करत होतो की सलामीवीर म्हणून या माणसाने किती वेळा या पायऱ्या दुसऱ्या-तिसऱ्या षटकात परत चढल्या असतील. शून्यावर बाद झाल्यावर ती चढण किती लांब वाटत असेल ते तुला-मला कळतं. (याच मैदानावर १९६८ मध्ये सोबर्सने ग्लॅमॉर्गनच्या माल्कम नॅशला एका षटकात सहा षटकार मारले. १९८५ मध्ये वानखेडेवर त्याची बरोबरी केली रवी शास्त्रीने, आणि दोन वर्षांनी शास्त्री खेळायला गेला तो ग्लॅमॉर्गनलाच. तेव्हा तिथे प्रशिक्षक होता अ‍ॅलन जोन्स.)

पोटापाण्याचंही सांगतो, कारण तुझ्या प्रश्नाच्या तळाशी तेच आहे असं मला वाटतं. त्या काळात कौंटीचा करार उन्हाळ्यापुरता. हिवाळ्यात प्रत्येकाने आपली सोय बघायची: कुणी दुकानात, कुणी विक्रीच्या कामात, कुणी परदेशी क्लबकडे. जोन्स १९६३-६४ मध्ये वेस्टर्न ऑस्ट्रेलियाकडून खेळला, पुढे सत्तरच्या दशकात दक्षिण आफ्रिकेतही दोन हिवाळे खेळून आला. आधी कौंटीची कॅप मिळवायची, मग दहाएक वर्षं टिकलास तर बेनिफिटचं वर्ष मिळायचं. त्या वर्षी सामने, जेवणं, वर्गण्या यातून जमलेली रक्कम खेळाडूची. १९२७ मध्ये केंटच्या जेम्स सेमूरच्या खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने असा पैसा करमुक्त ठरवला, आणि नंतरच्या कित्येक पिढ्यांची घरं त्या निकालावर उभी राहिली. म्हणजे कौंटी क्रिकेट हा एक धंदा होता, सुताराचा किंवा छापखान्यातल्या कंपोझिटरचा असतो तसा. त्यात उमेदवारी होती, पक्कं होणं होतं, शेवटी गाठीला काही बांधणं होतं. कसोटी हे त्यातल्या फार थोड्यांना मिळणारं वरचं काम. ते मिळालं नाही म्हणून सुताराने आयुष्य वाया घालवलं असं आपण म्हणत नाही.

जोन्सला का घेतलं नाही? वेल्समध्ये पुष्कळांना वाटतं की ग्लॅमॉर्गन लंडनपासून लांब, म्हणून. त्यात तथ्य असेलही, पण मला ते पुरेसं वाटत नाही. त्याच संघाचा कर्णधार टोनी लुईस १९७२-७३ मध्ये इंग्लंडचा कर्णधार होऊन भारतात आला होता. पहिली कसोटी खेळला तीच कर्णधार म्हणून, दिल्लीला, आणि ती जिंकली. कानपूरला त्याने शतक काढलं. लुईसची प्रथम श्रेणीतली सरासरी जोन्सपेक्षा जराशी कमीच आहे. सलामीवीर बॉयकॉट आणि आधीचा कर्णधार इलिंगवर्थ त्या दौऱ्यावर आले नव्हते, म्हणजे सलामीची एक जागा मोकळी होती, तरीही जोन्सचं नाव आलं नाही. एकाच ड्रेसिंगरूममधले दोघे, आकडे सारखेच. याचा हिशेब कुणाला लागेल असं मला वाटत नाही. मी तरी तो लावायचा प्रयत्न केव्हाच सोडला, आणि मुलांनाही तसंच सांगतो. निवड हा तुझ्या कामाचा भाग नाही. ती तुझ्या कामाच्या शेजारी चालणारी वेगळी गोष्ट आहे.

आपल्याकडे ही माणसं आहेतच. मुंबईचा डावखुरा फिरकी गोलंदाज पॅडी शिवलकर, प्रथम श्रेणीत ५८९ बळी, पण त्याच जागेवर बिशनसिंग बेदी, म्हणून एकही कसोटी नाही. जोन्सचाच संघसहकारी डॉन शेपर्डने २,२१८ बळी घेतले. कसोटी न खेळलेल्या कुठल्याही गोलंदाजाचे याहून जास्त नाहीत. अमोल मुजुमदारने रणजी पदार्पणात २६० काढल्या, कारकिर्दीत ११ हजारांवर धावा केल्या, भारताची टोपी घातली नाही. आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये नवी मुंबईत आपल्या मुलींनी विश्वचषक जिंकला तेव्हा त्यांचा प्रशिक्षक तोच होता. त्या संध्याकाळी मी टीव्हीसमोर रडलो, आणि त्यात अजिबात संकोच वाटला नाही. वीस वर्षं घरगुती क्रिकेटमध्ये झिजून त्याने जे कमावलं होतं ते कुठे गेलेलं नव्हतं हे सगळ्यांना दिसलं.

तर इथवर मी काय म्हणालो: जोन्सची कारकीर्द एका सामन्याने मोजायची नाही, त्याची सरासरी त्याच्या खेळपट्ट्यांवर ठेवून वाचायची, आणि कौंटी क्रिकेटकडे कसोटीची प्रतीक्षायादी म्हणून बघायचं नाही. आता तुझ्याकडे येतो.

पहिलं अवलंबून आहे ते पैशावर, आणि हे बोलायला लाजायचं कारण नाही. बीसीसीआयने २०२१ मध्ये मानधन वाढवलं तेव्हा २० पर्यंत सामने खेळलेल्याला अंतिम अकरात असल्यास दिवसाला ४० हजार, राखीव असल्यास निम्मे असा दर ठरला. सात साखळी सामने, चार-चार दिवस, म्हणजे पूर्ण मोसम अकरात राहिलास तर ११ लाखांच्या घरात. पण तू 'आत-बाहेर' म्हणतोस. अर्धा मोसम राखीव आणि अर्धा घरी बसून हा आकडा फार लवकर आक्रसतो. घरी कुणी तुझ्यावर अवलंबून आहे का? क्रीडा कोट्यातली नोकरी आहे का, की नुसत्या खेळावर चाललंय? हे मला माहीत नाही, आणि याच्यावर निम्मं उत्तर ठरतं. घरावर कर्ज असेल आणि नोकरी नसेल तर माझा सल्ला आधी नोकरीच्या खटपटीला लागण्याचा असेल, खेळ न सोडता.

दुसरं, तू बाहेर का गेलास. धावा झाल्या नाहीत म्हणून, की संघात दुसरा डावखुरा आला म्हणून, की अंडर-२३ चा कुणी पोरगा मागून धडका मारतोय म्हणून? पहिल्यात तुझ्या हातात काही आहे. दुसऱ्या-तिसऱ्यात कमी आहे, पण दुसऱ्या राज्याकडून पाहुणा खेळाडू म्हणून खेळण्याचा रस्ता असतो. अमोलनेही शेवटी मुंबई सोडून आसाम आणि आंध्रकडून खेळ केला. त्यात कमीपणा नाही.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि ती माझ्या धंद्यातली आहे. माझ्याकडे आलेल्या सलामीवीरांपैकी बहुतेकांना आपण कसे बाद होतो ते सांगता येत नाही. "चांगला चेंडू पडला" एवढंच सांगतात. मी त्यांना वही ठेवायला लावतो. प्रत्येक डावाची एक ओळ: किती चेंडू खेळलो, कुठल्या षटकात गेलो, चेंडू ऑफ स्टंपच्या किती बाहेर होता, पाय कुठे होता, त्याआधीचे दोन चेंडू काय केले. धावा लिहायच्या, पण शेवटी.

एक मुलगा होता, तुझ्यासारखाच, वय पंचवीस, क्लबच्या संघात पक्का आणि वरच्या संघात कच्चा. वहीत तीस डाव झाल्यावर आम्ही दोघे सीसीआयच्या समोरच्या कट्ट्यावर बसून ती वाचली. तीसपैकी सतरा वेळा तो चौकार मारल्याच्या पुढच्या तीन चेंडूंत बाद झाला होता. तंत्र ठीक होतं, पायही हलत होते. चौकार गेला की त्याचं मन पुढे पळायचं. मग सहा महिने नेट्समध्ये एकच नियम: चौकार मारलास की पुढचे चार चेंडू सोडायचे किंवा मेलेल्या बॅटने खाली दाबायचे. त्याला ते असह्य व्हायचं. बॅट आपटायचा. पण पुढच्या मोसमात त्याचे पहिल्या दहा षटकांत बाद होणं निम्म्यावर आलं. तो रणजी खेळला नाही, हेही सांगतो. एकतिसाव्या वर्षापर्यंत खेळला, आज एका शाळेत प्रशिक्षक आहे, आणि त्याची पोरं पुढच्या पायावर चेंडू सोडतात ते बघण्यासारखं असतं. दुसरा एक त्याच वयाचा, त्याच्याहून गुणी, चोविसाव्या वर्षी थांबला आणि बँकेत लागला. वहीत त्याला सुधारायला काही उरलंच नव्हतं आणि सकाळी मैदानावर यायची इच्छाही नव्हती. त्याने योग्य केलं. म्हणून 'कधीच सोडू नकोस' असलं काही मी तुला सांगणार नाही.

माझा कौल विचारशील तर, तू लिहिलंयस तेवढ्यावरून: २६ ला थांबू नकोस. सलामीवीर उशिरा पिकतो. सोडायचा चेंडू ओळखायला हजारो चेंडू बघावे लागतात, आणि ते तू बघून झालेत. आता कुठे त्याचा उपयोग सुरू होईल. स्वतःला दोन मोसम दे. त्या दोन मोसमांत निवड झाली की नाही हे मोजू नकोस. पहिलं सत्र किती वेळा संपवून आलास ते मोज. उपाहाराला नाबाद परतणारा सलामीवीर कुठल्याही कर्णधाराला हवा असतो, आज नाही तर जानेवारीत, या संघात नाही तर त्या. आणि दोन मोसमांनंतरही सकाळी सहाला किट उचलताना मन जड व्हायला लागलं, तर तोही निकालच समज आणि शांतपणे बॅट ठेव.

जाता जाता एक काम देतो. गेल्या दोन मोसमांतले तुझे सगळे डाव, रणजी, क्लब, निमंत्रित स्पर्धा, जे आठवतील ते, या आठवड्यात कागदावर काढ. स्कोअरर्सना फोन कर, जुने स्कोअरशीट मिळतात. प्रत्येकासमोर बाद कसा झालास ते लिही आणि ते पान इथेच टाक. त्यानंतर तुझ्या पायाबद्दल बोलू.